डोंगरावर धूर दिसतोय

[पहाट. वाई. कृष्णेचा घाट, नदीवर धुकं.]

माघ महिना. उजाडायला अजून थोडा अवकाश आहे. कृष्णेवर धुकं इतकं दाट, की समोरच्या काठावरचा माणूस दिसत नाही. त्याच्या बादलीची कडी वाजते, तेवढी ऐकू येते.

आता डोंगराकडे बघा. पसरणी घाटाच्या अंगाला, कड्याच्या खाली, तो पांढरा पट्टा. धुकं म्हणावं तर बाकीचं सगळं धुकं खाली नदीवर साचलंय. धूर म्हणावा तर जाळ कुठे दिसत नाही. आम्ही कॅमेरा सहा मिनिटं तिथेच रोखून ठेवला होता. त्या सहा मिनिटांत पायरीवर बसलेल्या तीन विद्यार्थ्यांचा जो वाद झाला, त्यातूनच ही फिल्म निघाली.

[वाड्याची ओसरी. पोथी, चष्मा, पाटावर उघडं पुस्तक.]

घाटावरच्या एका जुन्या वाड्यात हे तिघे रोज सकाळी न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, शिकायला येतात. शिकवणारे गुरुजी निवृत्त शिक्षक आहेत. संध्या झाल्याशिवाय चहा घेत नाहीत. समोर आहे ते पुस्तक 17व्या शतकातलं, अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’. तर्क शिकायचा तर आजही बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. पहिली ओळ ऐका.

‘निधाय हृदि विश्वेशं विधाय गुरुवन्दनम्।’

विश्वेश्वराला हृदयात ठेवून, गुरूला वंदन करून. मुलांना सोपं जावं म्हणून हा तर्कसंग्रह करतो आहे, असं ग्रंथकार पुढे म्हणतो.

पहिल्याच दिवशी धाकट्या विद्यार्थ्यानं विचारलं होतं, “गुरुजी, म्हणजे तर्काच्या आधी देव आलाच ना? देव नसेल तर तर्क उभा तरी कशावर राहणार?”

हा प्रश्न साधा नाही. युरोपातही तो विचारला गेलाय. 1641 साली देकार्त ह्या फ्रेंच तत्त्वज्ञानं लिहिलं, की जे स्वच्छ आणि स्पष्ट कळतं ते खरं मानता येतं, कारण देव फसवणारा नाही. आणि देव आहे हे कशावरून? तेही स्वच्छ आणि स्पष्ट कळतं त्यावरून. हे वर्तुळ आर्नो ह्या दुसऱ्या फ्रेंच विचारवंतानं तेव्हाच दाखवून दिलं, आणि त्याचा आक्षेप त्याच पुस्तकाला जोडून छापला गेला. पण आपण वाईत आहोत. इथे ह्या प्रश्नाला फार जुनं आणि फार बारीक उत्तर आहे.

[गुरुजी पान उलटतात. बोट टीकेच्या ओळीवर.]

पहिल्या श्लोकातला तो नमस्कार. त्याला मंगल म्हणतात. ग्रंथ निर्विघ्न पुरा व्हावा म्हणून तो करायचा. आणि अन्नंभट्टानं स्वतःच्या ग्रंथावर स्वतःच लिहिलेली टीका सुरू होते ती थेट ह्या नमस्काराच्या उलटतपासणीनं. मंगलामुळे ग्रंथ पुरा होतो हे कशावरून? मंगल केलेले काही ग्रंथ अर्धेच राहिलेत. मंगल न केलेले काही तडीस गेलेत. ‘मुक्तावली’ हा त्याच परंपरेतला ग्रंथ तर सरळ म्हणतो, की नास्तिकांचे ग्रंथ मंगलावाचून पुरे झालेले दिसतात, त्याचं काय? मग उत्तर येतं. विघ्नं फार असतील. मंगल ग्रंथाबाहेर केलं असेल. ते उत्तर पटो न पटो. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. देवाला केलेल्या नमस्कारालाही इथे पहिल्या पानावर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलंय. आणि हे नास्तिकानं केलेलं नाही, नमस्कार करणाऱ्यानंच केलंय.

[न्हाणीघर. तांब्याचा बंब, धूर, ओली लाकडं.]

हा वाड्यातला बंब. गुरुजींनी धडा इथेच घेतला, म्हणून आम्हीही कॅमेरा इथेच आणला.

डोंगरावर आग आहे. ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे. हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. हे उदाहरण. इथे गुरुजी बंबाकडे बोट दाखवतात. ह्या डोंगरावर तसाच धूर आहे. हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे. हे निगमन. पाच पायऱ्या. आधी स्वतःला कळलेलं दुसऱ्याला पटवायचं असेल, तर ह्या पाचही चढून दाखवाव्या लागतात.

सगळा भार तिसऱ्या पायरीवर आहे. धूर आणि आग यांची जी कायमची सोबत, तिला व्याप्ती म्हणतात. ती एका बाजूनं चालते, दुसऱ्या बाजूनं चालत नाही.

[लोहाराचा भाता. लाल तापलेलं लोखंड, ऐरण.]

हे बघा. लोखंड लाल झालंय, आग त्यात पुरेपूर भरली आहे, आणि धूर नाही. म्हणजे ‘जिथे आग तिथे धूर’ असं म्हणता येत नाही. ही ‘लोहगोलका’ची अडचण शेकडो वर्षं न्यायाच्या शाळांत सांगितली जाते. आगीतून धूर निघायला ओलं सरपण लागतं. ही अट लपून बसली, की अनुमान फसतं. अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. मुलांनी त्या दिवशी बंबात आधी ओलं लाकूड घातलं, मग वाळकं, आणि धुराचा फरक बघितला. डोळे चोळत बघितला.

आता आणखी एक अनुमान. हेही त्याच शाळेतलं.

[अंगणात कुंडीतलं रोप. कुंभाराचं चाक.]

अंकुर कुणीतरी केलेला आहे. कारण तो कार्य आहे. जे जे कार्य त्याला त्याला कर्ता, जसा घटाला कुंभार. हे नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांचं, ईश्वरासाठीचं अनुमान. पायऱ्या मोजा. त्याच आहेत. प्रतिपक्षही त्याच वाटेनं येतो. कुंभाराला शरीर असतं, मग तुमच्या कर्त्याला आहे का? कार्याला कर्ता लागतोच, ह्यात एखादी उपाधी लपली आहे का? धुराला जे प्रश्न विचारले, तेच जगाच्या कर्त्यालाही.

म्हणजे ह्या शास्त्रात ईश्वर साध्य आहे. सिद्ध करायची गोष्ट. आणि जे सिद्ध करायचंय, त्याच्यावरच सिद्ध करण्याची रीत उभी करता येत नाही.

[जगन्नाथपुरीच्या देवळाचं जुनं छायाचित्र. बंद दार.]

ईश्वराच्या बाजूनं सर्वांत ताकदीनं लढला तो मिथिलेचा उदयनाचार्य. 10व्या शतकातला. त्याची एक दंतकथा पंडितांच्या घरात अजून सांगतात. तो पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेला, तर दारं बंद. तो रागावून देवालाच म्हणाला, ‘ऐश्वर्यमदमत्तोऽसि मामवज्ञाय वर्तसे। उपस्थितेषु बौद्धेषु मदधीना तव स्थितिः॥’ ऐश्वर्याच्या मदात माझी अवज्ञा करतोस. पण बौद्ध वादाला उभे राहिले, की तुझं असणं माझ्या हातात आहे.

कथा घडली असेल नसेल. ती रचणाऱ्या आस्तिकांना एवढं पक्कं ठाऊक होतं, की वादसभेत कोण कुणावर अवलंबून असतं.

उदयनानं ‘न्यायकुसुमांजली’ लिहिला तो ईश्वर सिद्ध करण्यासाठी. आपली ही तर्कचर्चा म्हणजे उपासनाच आहे, असं तो सुरुवातीलाच सांगतो. त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडायची, तर तो ईश्वराला फार मोठं काम देतो. वेदाचं प्रामाण्य वक्त्यावर अवलंबून, म्हणून निर्दोष वक्ता ईश्वर. सृष्टीच्या आरंभी शब्दाचा अर्थ कोणी शिकवला? विणकाम, बोलणं, असले व्यवहार कोणी दाखवले? ईश्वरानं. आपण ज्या शब्दांत विचार करतो ते शब्दच त्याच्याकडून आले, असं तो म्हणतो. आमच्या धाकट्या विद्यार्थ्याचा प्रश्न हाच होता.

पण त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात चार्वाक, म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढंच मानणारा, उभा राहतो आणि विचारतो, आज इथे धुरासोबत आग दिसली, म्हणून दुसऱ्या देशी, दुसऱ्या काळी तसंच असेल कशावरून? हा घाव तर्काच्या मुळावर आहे. देवाच्या भक्तानं इथे म्हणायला हवं होतं, की ईश्वर हमी देतो. पुस्तक त्याचं आहे, विषयही तोच आहे.

उदयन तसं म्हणत नाही.

[पोथीवर एकच ओळ. गुरुजींचा आवाज.]

‘शङ्का चेदनुमाऽस्त्येव न चेच्छङ्का ततस्तराम्। व्याघातावधिराशङ्का तर्कः शङ्कावधिर्मतः॥’

शंका आली, तर अनुमान आहेच. कारण न पाहिलेला देश, न आलेला काळ तुझ्या मनात आला तो अनुमानानंच. शंका नसेल, तर प्रश्नच मिटला. आणि शंका जाते कुठवर? व्याघातापर्यंत. स्वतःचीच कृती स्वतःला खोटं पाडते तिथवर. आगीतून धूर निघतो ह्यावर शंका घेणारा माणूसही धूर हवा असला की विस्तवच शोधतो. भूक लागली की जेवायलाच बसतो.

ईश्वराचा कैवार घेतलेल्या ह्या माणसानं तर्काच्या तळाशी ईश्वर ठेवला नाही. तिथे त्यानं माणसाचं रोजचं वागणं ठेवलं. चूल, विस्तव, भूक. मी ही ओळ पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

[ढोल्या गणपती. शेंदरी मूर्ती, मग देवळामागची भिंत, नदीचं पाणी.]

हा वाईचा ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली हे देऊळ बांधलं. दर्शनाला येणारे समोरून येतात. तुम्ही जरा मागे या. गाभाऱ्याची मागची भिंत बघा, माशासारखी निमुळती. पुराचं पाणी येऊन धडकतं, त्या टोकाशी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. मूर्ती आत बसून आहे. पाणी कसं वागतं, हे कुणा गवंड्यानं नदीकाठी उभं राहून कितीतरी पावसाळे बघितलं असेल. त्याची भक्ती किती होती ते दगडावर लिहिलेलं नाही. त्यानं बांधलेली व्याप्ती दगडात आहे.

[लाकडी जिना, कोशाचे जाड खंड.]

वाईचा दुसरा वारसा मीमांसेचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राचा. प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, यांनी मीमांसाकोश रचला. मीमांसक वेदाला सर्वस्व मानतात आणि जगाचा कर्ता मानत नाहीत. वेद कुणीच केलेला नाही, देवानंही नाही. कुमारिल भट्ट हा मोठा मीमांसक प्रमाणांबद्दल, म्हणजे ज्ञानाच्या साधनांबद्दल, म्हणतो, ‘न हि स्वतोऽसती शक्तिः कर्तुमन्येन शक्यते।’ जी शक्ती मुळात अंगी नाही, ती दुसऱ्या कुणाला आणून घालता येत नाही. ज्ञानाचं खरेपण त्याचं स्वतःचं. यज्ञाचा इतका अभिमानी दुसरा नसेल, आणि त्यानं हे लिहिलं. देव काढला की बुद्धी कोसळेल अशी भीती आज जे घालतात, त्यांनी कुमारिल वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

[दोन जुनी छायाचित्रं शेजारी शेजारी.]

ह्याच नारायणशास्त्रींकडे 1917 च्या सुमारास विनोबा भावे शिकायला आले. उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य. विनोबा जन्मभर ईश्वरनिष्ठ राहिले. ह्याच पाठशाळेत पिंपळनेरहून आलेला एक मुलगा होता, लक्ष्मणशास्त्री जोशी. 1923 साली कोलकात्याला ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळवली, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळला आणि 1941 साली त्यानं ‘जडवाद’ नावाचं पुस्तक मराठीत लिहिलं. जडवाद म्हणजे जगाच्या मुळाशी जड पदार्थच आहे, हे मत. एक गुरू, एकच शिकवण. एकाला देव सापडला, दुसऱ्याला त्याची गरज उरली नाही. दोघांच्याही वाक्यांत हेत्वाभास, म्हणजे खोटं कारण, सापडला असता, तर त्यांच्या गुरूंनी तो सारख्याच कडकपणे दाखवला असता.

  

[पुन्हा घाट. ऊन चढलंय. धुकं विरलंय.]

आता तो पांढरा पट्टा. धाकटा म्हणत होता, धुकं. थोरला म्हणत होता, धूर, कारण तो खालून वर चढतोय आणि मुळाशी काळपट आहे. मधली विद्यार्थिनी म्हणाली, “धूळही असू शकते. वर खाण किंवा रस्त्याचं काम असेल तर? हेतूच सिद्ध नाही, मग आग कुठून आणतोस?” न्यायात ह्याला असिद्ध हेतू म्हणतात. गुरुजी काही बोलले नाहीत. ते पंचा पिळत होते.

[दुचाकी घाट चढते आहे. मागून कॅमेरा.]

मग दोन दुचाक्या निघाल्या. पसरणी घाटाची वळणं. खाली धोम धरणाचं पाणी चकाकतंय. एका वळणावर थांबून पायवाटेनं वीस मिनिटं चढ.

[काळं पडलेलं गवत. वारा. एक शेतकरी हिरव्या डहाळीनं कडा झोडपतोय.]

वणवाच होता. बराचसा विझलाय. काळ्या पट्ट्याच्या कडेला अजून धग आहे. थोरला काही न बोलता डहाळी तोडून शेतकऱ्याच्या बाजूला उभा राहिला. धाकटा खाली वाकून राखेवर तळहात धरून बघतोय.

[ओसरी. दुसरी सकाळ.]

दुसऱ्या दिवशी पाठ पुढे सरकला. उदयनानंतर सुमारे शंभर-दीडशे वर्षांनी श्रीहर्ष हा नैयायिकांचं खंडन करणारा वेदान्ती आला. त्यानं उदयनाचीच ओळ घेतली, दोन-तीन शब्द बदलले आणि उलटवली. ‘तर्कः शङ्कावधिर्मतः’ याच्या जागी ‘तर्कः शङ्कावधिः कुतः’. तर्क शंकेची सीमा आहे म्हणतोस, ती कुठून आली?

मुलीनं ओळ दोनदा वाचली. पेन्सिलीनं ‘कुतः’खाली रेघ ओढली. हात नकळत पोथीच्या कडेवर राहिला. गुरुजी म्हणाले, “आता उदयनाच्या बाजूनं तू उत्तर दे. घाई नाही.”

[तिचा चेहरा. मागे बंबाचा धूर.]