चिकनचा भाव उतरतो, मटणाचा का उतरत नाही?

चिकनचा भाव वर्षातून अनेकदा वरखाली होतो. मटणाचा भाव मात्र एकदा चढला की सहसा उतरत नाही. याचे कारण आपण बहुधा खाटकाच्या दुकानात शोधतो. माझ्या मते ते दुकानाच्या बरेच मागे आहे: विक्रीयोग्य झालेले जनावर किती काळ थांबू शकते, यावर त्याच्या भावाची चाल ठरते.

ब्रॉयलर कोंबडीचे अंडे 21 दिवसांत उबते आणि त्यातून निघालेले पिल्लू पाच-सहा आठवड्यांत, साधारण साडेतीन किलो खाद्य खाऊन, दोन किलोंचे होते. त्यानंतर त्याचे खाणे वाढते, पण त्या प्रमाणात वजन वाढत नाही. शिवाय पुढच्या लॉटसाठी शेड रिकामी करावी लागते. त्यामुळे तयार पक्षी मिळेल त्या भावाने विकण्यावाचून गत्यंतर नसते. श्रावणात मागणी घटणार हे जाणून आषाढातच शेडमध्ये वाढवायला पिल्ले कमी टाकली जातात, आणि तो अंदाज चुकला की भाव कोसळतो. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली, तेव्हा काही पोल्ट्रीचालकांनी पक्षी अक्षरशः फुकट वाटले, तर काहींनी ते पुरून टाकले. त्या धसक्याने नवी पिल्ले टाकणे थांबले, आणि मागणी परतली तेव्हा पक्षीच कमी असल्याने मे महिन्यात भाव झपाट्याने चढला. म्हणजे आज महाग असलेल्या चिकनचे मूळ पुष्कळदा दोन महिन्यांपूर्वीच्या स्वस्ताईत असते.

याखेरीज उत्पादनखर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाद्याचा, म्हणजे मुख्यतः मका आणि सोयापेंड यांचा असतो. 2021 मध्ये सोयापेंड इतकी महागली की केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. अलीकडे मका पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलकडेही वळू लागल्यामुळे इंधनाच्या धोरणाचा परिणाम चिकनच्या दरापर्यंत पोहोचतो.

शेळीचे गणित निराळे आहे. पाच महिन्यांचा गाभणकाळ आणि त्यानंतर करडू विक्रीयोग्य होईपर्यंतचे आठ ते बारा महिने धरले, तर वाढलेल्या मागणीला पुरवठ्याचे उत्तर मिळायला वर्ष-दीड वर्ष लागते. भाव चांगला दिसला की शेळीपालक कळप वाढवण्यासाठी पाटी (तरुण माद्या) विकायच्या सोडून घरी ठेवतो, आणि त्यामुळे बाजारातली आवक काही काळ आणखी घटते. दुष्काळात नेमके उलट घडते: चारा-पाणी नसल्याने माद्यासुद्धा विकल्या जातात, तात्पुरती आवक वाढते, पण पुढच्या एक-दोन वर्षांची करडेच नाहीशी झालेली असतात. इतर वेळी मात्र आठवडी बाजारात मनासारखा भाव मिळाला नाही तर बोकड परत घरी नेता येतो आणि तो चरून जगतो. बकरी ईदचा दिवस दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तो हिशेब धरून अनेक पालक धष्टपुष्ट बोकड मुद्दाम राखून ठेवतात. थांबण्याची ही सोय कोंबडीवाल्याला नाही, आणि म्हणूनच मटणाचा भाव सहजासहजी खाली येत नाही.

2019 च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरवाढीविरुद्ध लोक आंदोलनाला उतरले. ग्राहकांचा संताप मी समजू शकतो. परंतु किरकोळ दर बांधून दिल्याने करडांची संख्या वाढत नाही. शिवाय एका गोष्टीकडे आपण फारच कमी लक्ष देतो. मटण आपल्याला ग्रॅमच्या हिशेबाने तोलून मिळते, पण आठवडी बाजारात तेच जनावर बहुतेक वेळा नुसत्या नजरेच्या अंदाजाने विकले जाते, आणि अंदाज बांधण्यात व्यापारी तरबेज असतो. ज्या भूमिहीन कुटुंबाने ते वर्षभर सांभाळले, त्याच्या पदरात वाढलेल्या भावाचा योग्य वाटा पडायचा असेल, तर प्रत्येक जनावर-बाजारात जिवंत वजनाचा काटा बसवणे ही बाजार समित्यांची पहिली जबाबदारी मानली पाहिजे.