नारळीकर सर, मंगलाताई आणि त्यांचं घर

मंडळाच्या सर्व मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

२० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर पुण्यात झोपेतच गेले. वय ८६. केंब्रिज, तिथले त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉईल, पद्मविभूषण, पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राची स्थापना, या सगळ्यावर तेव्हापासून पुष्कळ लिहून-बोलून झालं आहे. मला आज त्यांच्या घराबद्दल बोलायचं आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आयुकात शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं असत. तिथे खाली मान घालून वहीत भराभर उतरवून घेणाऱ्या मुलींपैकी मी एक. तेवढ्या नात्यानं मी त्यांना सर म्हणते.

वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. मुलांसाठी घरातच भिंतीवर खडूनं लिहायचे फळे लावलेले होते. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजुरबाजार, त्यावर एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत, नाहीतर भाचा हरलो म्हणेपर्यंत, पुसायचं नाही! पुढे मुलं सही मागायला आली की सर सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. बनारसच्या त्या फळ्याशी याचं नातं आहे, असं मला नेहमी वाटतं.

आणि मंगलाताई, सरांच्या पत्नी. माहेरच्या राजवाडे. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला गणितात पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळालं. १९६६ मध्ये लग्न होऊन त्या केंब्रिजला आल्या आणि तिथे विद्यार्थ्यांना गणित शिकवलं. १९७२ मध्ये कुटुंब मुंबईला परतलं, सर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. तीन मुली आणि सगळं घर सांभाळत मंगलाताईंनी १९८१ मध्ये पीएचडी केली, तीही गणिताच्या एखाद्या सोप्या कोपऱ्यात नव्हे, तर विश्लेषक अंकसिद्धांतात, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचा कलनशास्त्राच्या साधनांनी अभ्यास करणाऱ्या शाखेत. आपल्यातल्या किती जणींनी इकडे येऊन मुलं मोठी होईपर्यंत स्वतःचा अभ्यास बांधून ठेवला आहे! त्यांना ही १५ वर्षं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला सरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती आपल्या हातानं उतरवून दिली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मराठी विज्ञानकथेचा हा मोठा टप्पा बाईंच्या अक्षरात परीक्षकांपुढे गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’, ‘बावीस’ऐवजी आलेल्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’वरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला, आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताईच होत्या. थट्टा झाली, टीकाही झाली. त्या मात्र न चिडता समजावत राहिल्या, की जोडाक्षरांशी अडखळणारं मूल पुढे गणितालाच घाबरतं. इथल्या आपल्या मराठी शाळेत ‘त्र्याण्णव’पाशी थबकणारी मुलं मी दर आठवड्याला बघते. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी चहाच्या वेळी जरूर बोलेन.

१७ जुलै २०२३ ला मंगलाताई गेल्या. दोनच दिवसांनी सरांचा वाढदिवस होता. आता दोघंही नाहीत.

गीता, गिरिजा आणि लीलावती या त्यांच्या मुलींना मंडळातर्फे आपण शोकपत्र पाठवत आहोत. मसुदा दाराजवळच्या टेबलावर आहे. वाचून सही करा, आणि ज्यांनी सरांची किंवा मंगलाताईंची व्याख्यानं ऐकली आहेत, त्यांनी स्वतःच्या दोन ओळीही लिहा. मुलांसाठी कोरी कार्डं ठेवली आहेत. त्यावर फक्त प्रश्न लिहायचा. उत्तरं द्यायला आपल्यातले भौतिकशास्त्र आणि गणित शिकलेले सहा जण तयार आहेत, आणखी कुणी असेल तर मला येऊन भेटा.