२५ मार्चची दुपार

श्रोतेहो, नमस्कार. वैशाखात रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळी उत्पादकाचे डोळे दुपारनंतर आभाळाकडे लागतात, कारण निसवलेली बाग घडांच्या भाराने आधीच वाकलेली असते आणि अर्ध्या तासाच्या वाऱ्याने वर्षभराची मेहनत आडवी होते. असे वादळ आधी सांगता येते का, असे कोणी विचारले की मला अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याची हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही.

२० मार्च १९४८ च्या रात्री तेथील टिंकर हवाई तळावर टोर्नॅडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी वाऱ्याची भयंकर वावटळ, कोसळला. त्या रात्री कामावर असलेले कॅप्टन रॉबर्ट मिलर यांनी केवळ जोरदार वाऱ्याचा अंदाज दिला होता. अशी आपत्ती आधी ओळखता येत नाही, असे चौकशी समितीने ठरवले. तरीही मिलर आणि त्यांचे वरिष्ठ मेजर अर्नेस्ट फॉबुश यांनी जुन्या टोर्नॅडोंच्या दिवसांचे हवामान नकाशे काढून ते दिवस कशात सारखे होते, हे शोधण्यास सुरुवात केली. पाचव्या दिवशी, म्हणजे २५ मार्चला, त्यांच्यासमोर आलेला नकाशा थेट २० तारखेसारखा होता. एकाच जागी पाच दिवसांत दुसरा टोर्नॅडो येईल, असे लिहून देण्यास दोघांचेही मन धजेना. तळाच्या जनरलने विचारल्यावर मात्र दुपारी तीनच्या सुमारास त्यांनी इशारा काढला आणि विमाने हँगरमध्ये हलवली गेली. पाच वाजता वादळाची रांग जवळच्या नागरी विमानतळावरून गेली, ती थोड्या गारा टाकून. मिलर खचून घरी परतले. संध्याकाळी रेडिओवर टिंकर तळावरील टोर्नॅडोची बातमी लागली, तेव्हा ही मंडळी अजून मागच्याच वादळाचे सांगत आहेत, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात सहाच्या सुमारास टोर्नॅडो तळावर येऊन गेला होता.

या दोघांनी नकाशात पाहिले ते आजही पाहतात: जमिनीलगत ओल, वर थंड कोरडी हवा, खालची ओलसर हवा वर उचलणारे काही कारण आणि उंचीनुसार बदलणारा वारा. यासाठी जगभर दिवसातून दोनदा, आपल्याकडे पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, मोजमापाची उपकरणे बांधलेले फुगे हवेत सोडले जातात. हे घटक जुळले की विस्तीर्ण प्रदेशाचा दिवस धोक्याचा आहे, हे आधी कळते. नेमके गाव आणि नेमकी घटका मात्र ढग उभा राहिल्यावर रडारच दाखवते. पुन्हा सांगतो, दिवस आधी कळतो, गाव उशिरा कळते. म्हणूनच ओक्लाहोमातीलच नॉर्मन येथील वादळ अंदाज केंद्र साऱ्या देशाचा धोका कित्येक दिवस आधी रेखाटते आणि अगदी जवळचा इशारा स्थानिक कार्यालय देते.

आपल्याकडेही हवामान विभागाचा यलो किंवा ऑरेंज अलर्ट अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, तर पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाज वेगळा येतो. तो तालुक्यांची नावे घेऊन, सावकाश, दोनदा वाचला जावा, असे माझे ठाम मत आहे, कारण शेतात काम करणाऱ्याचा एकच कान रेडिओकडे असतो. वारा अडवायला बागेभोवती शेवरीची दाट ओळ असावी, हेही मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे. सकाळी अलर्ट ऐकला असेल, तर दुपारी पाऊस दुसऱ्या गावावरून गेला म्हणून निर्धास्त होऊ नका. अंधार पडेपर्यंत तीन-तीन तासांचा अंदाज ऐकत राहा, आणि गडगडाट कानी पडताच झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जा.