राजाची नको ती कामं करणारा यवाब

नमस्कार मंडळी, मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय तेव्हा आवरतं घेतो. मागच्या वर्षी संताजींवर बोललो होतो, यंदा कमिटी म्हणाली बाहेरचा कुठलाही सेनापती घ्या, म्हणून हा यवाब. बायबलमधल्या दावीद राजाचा सेनापती आणि भाचा, बहीण सरुवा हिचा मुलगा.

दावीद म्हटलं की आपल्याला गोफण आणि तिने पाडलेला तो धिप्पाड गल्याथ आठवतो. पण गादीवर बसल्यावर बऱ्याच लढाया यवाबनेच मारल्या. राब्बाला, म्हणजे आजच्या जॉर्डनमधल्या अम्मानला, याने वेढा घातलेला आणि राजा यरुशलेमला घरी. तेव्हाच राजाने दुसऱ्याच्या बायकोला, बथशेबाला, बोलावून घेतलं. तिचा नवरा उरीया यवाबच्या फौजेत. राजाने यवाबला लिहिलं, याला ऐन लढाईत पुढे ठेवा आणि मागे सरा, म्हणजे मरेल. आणि ते पत्र घेऊन कोण गेलं, तर उरीयाच! ध चा मा वगैरे भानगडच नाही, सगळं सरळ लिहिलेलं. यवाबने काम करून टाकलं.

पुढे राजाचा मुलगा अबशालोम बंड करून उठला. राजाने सगळ्यांसमोर सांगितलेलं, पोराला सांभाळून घ्या. तो खेचरावरून पळताना एला झाडात डोकं अडकून लटकला, एका शिपायाने पाहिलं, पण तो म्हणाला हजार रुपये हातावर मोजून दिले तरी मी राजाच्या मुलाला हात लावणार नाही, आणि उद्या अंगाशी आलं तर तुम्हीच लांब उभे राहाल. (हा शिपाई मला फार आवडतो, साहेबाला बरोबर ओळखून होता.) यवाबने स्वतः जाऊन तीन भाले खुपसले.

लढाई जिंकली, पण राजा वेशीवरच्या खोलीत रडत बसला आणि जिंकलेली माणसं हरून आल्यासारखी मान खाली घालून गावात शिरली. यवाब आत गेला आणि मामाला तोंडावर म्हणाला, आम्ही सगळे मेलो असतो आणि तो जगला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं, आता उठा, बाहेर या, लोकांशी चार शब्द बोला, नाहीतर रात्रीपर्यंत एक माणूस राहणार नाही. राजा उठला, वेशीत येऊन बसला. पण सेनापतीपद दिलं अमासाला, म्हणजे बंडखोरांच्याच सेनापतीला!

आता यवाब बिचारा वगैरे म्हणू नका हं. भावाला मारल्याच्या बदल्यासाठी त्याने अबनेरला, म्हणजे आधीच्या शौल राजाच्या सेनापतीला, हेब्रोनच्या वेशीत बोलायच्या बहाण्याने बाजूला नेऊन मारलेलंच होतं. या अमासाला, स्वतःच्या मावसभावाला, बरा आहेस ना म्हणत उजव्या हाताने दाढी धरली मुका घ्यायला, आणि तलवार दुसऱ्या हातात. प्रेत रस्त्यात पडलेलं, येणारा जाणारा थबकायला लागला, तेव्हा एकाने ते शेतात ओढून वर कापड टाकलं.

मरताना दावीदने गादीवर येणाऱ्या मुलाला, शलमोनाला, सांगितलं, याचे पिकले केस सुखाने थडग्यात जाऊ देऊ नकोस. कारणं दिली अबनेर आणि अमासा. उरीयाचं नावसुद्धा नाही. यवाब परमेश्वराच्या तंबूत पळाला, आसरा म्हणून वेदीच्या कोपऱ्यांवरची शिंगं धरून बसला. शलमोनाने पाठवलेला बनाया म्हणाला बाहेर ये, हा म्हणाला नाही, इथेच मरेन. तिथेच मारला, आणि सेनापती केलं बनायाला.