आत्मा राजी आहे का?

नमस्कार श्रोतेहो.

कोथरूडमधलं आमचं घर, शनिवारची संध्याकाळ. जेवणाच्या टेबलावर हाताने काढलेला नकाशा, दाण्यांची वाटी आणि भोवती आम्ही सहा जण. वीस बाजूंचा फासा उडून सोफ्याखाली गेला. मोबाइलच्या उजेडात शोधला, तर वर सात. "मेली!" कोणीतरी ओरडलं, आणि आई हातातल्या उलथन्यासकट बाहेर. "अरे, कोण गेलं?"

गेली होती रुक्मा. कागदावरची धनुर्धारी, एका मैत्रिणीने दीड वर्ष खेळवलेली. आई "मेल्यांनो" म्हणून परत तव्याकडे गेली.

हा खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. आमच्याकडे तो मी. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात. २०१४ सालच्या नियमांत प्राण शून्यावर आले तरी माणूस लगेच जात नाही. आपली पाळी आली की फासा टाकायचा. दहा किंवा वर पडले तर एक पाऊल जगण्याकडे, खाली पडले तर मरणाकडे. ज्या बाजूला आधी तीन होतील ती खरी. रुक्माचं ते सात तिसरं होतं.

मेलेल्याला उठवायचे मंत्रही आहेत, आणि त्यांना हिरे लागतात. मिनिटाच्या आत उठवायचं तर तीनशे सुवर्णमुद्रांचे, दहा दिवसांच्या आत पाचशेचा, आणि दोनशे वर्षांपर्यंतचं मढं असेल तर पंचवीस हजारांचे. आपल्याकडे जुन्या फ्लॅटचा भाव उतरतो, इथे मढं जुनं होईल तसा चढतो. सगळेच खेळ असे नाहीत म्हणा. 'पॅरानोइया'त प्रत्येकाच्या पाठीशी स्वतःच्याच हुबेहूब प्रती तयार असतात, तिथे मरण म्हणजे विनोद.

मी काय केलं? पुढच्या शनिवारी एक साधू आणला, झोळीत हिरा, रुक्मा जिवंत. मला वाटलं, मैत्रीण खूश होईल. तिने कागद उलटा करून ठेवला. म्हणाली, "बाकीचे पलीकडे पोचावेत म्हणून ती पुलावर थांबली होती. तू मला विचारलंस तरी का?"

घरी सगळे गेल्यावर मंत्र पुन्हा वाचला. त्यात स्पष्ट लिहिलंय, आत्मा परत यायला राजी हवा. मी हिऱ्याची किंमत तेवढी वाचली होती.

आपल्याला खरं तर हे शिकवायला नको. कचाची गोष्ट आठवा. असुरांनी त्याला तीनदा मारलं. तिसऱ्यांदा तर जाळून राख मद्यात कालवली आणि शुक्राचार्यांनाच पाजली. कच बाहेर यायचा तर गुरूचं पोट फाटणार. म्हणून पोटातल्या शिष्यालाच संजीवनी शिकवावी लागली. तो बाहेर आला आणि त्याने गुरूला उठवलं. इतकी जपलेली विद्या शत्रूपक्षाच्या हाती गेली. आणि देवयानीने लग्नाचं विचारलं, तर कच म्हणतो, ज्या देहातून तू आलीस त्यातूनच मीही आलो, आता तू बहीण. हिरा खर्ची पडला तर पुन्हा मिळतो हो. इथे नातंच बदललं.

आता नवी गोष्ट सुरू करताना मी चिठ्ठ्या वाटतो: मेलात तर परत यायचंय का, आणि आलात तर काय गमावून? एकाने लिहिलं, "हो, पण आवाज गमावून." तो आमच्यातला सगळ्यांत बडबड्या. पात्र गेलं की त्या संध्याकाळपुरते राक्षस मी त्याच खेळाडूच्या हाती देतो, नाहीतर माणूस मोबाइल बघत बसतो. राक्षस तो सूडाने खेळतो, हे मात्र सोसावं लागतं.

रुक्माला मी परत जाऊ दिलं. मैत्रिणीने नवं पात्र घेतलंय, एक म्हातारी नावाडीण. तो पूल आता नाही, तिथेच तिची नाव असते. माणशी तीन नाणी. घासाघीस चालत नाही.