वकील बदलला, फाइल कोणाची?

सभ्य श्रोतेहो, फोंड्याच्या माझ्या कचेरीत वकील बदलून येणारा अशील पुष्कळदा रिकाम्या हातांनी येतो आणि ‘फी चुकती केल्याशिवाय जुने वकील फाइल देत नाहीत’ असे खालमानेने सांगतो, जणू त्याने घरचे दागिनेच गहाण ठेवले आहेत.

गोव्यात ही अडवणूक जास्त बोचते. दावा मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाच्या, घराचा असो वा भावंडांमधील इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत वाटणी करण्याच्या कारवाईचा, फाइलमध्ये अर्ज आणि जबान्यांच्या जोडीला आजोबांच्या नावाचे पोर्तुगीज भाषेतील विक्रीखत आणि त्याचे खर्च करून घेतलेले भाषांतरही असते.

कागद अडवून ठेवणारे वकील 1872 च्या करार कायद्यातील कलम 171 कडे बोट दाखवतात, कारण येणे रकमेसाठी ताब्यातला माल राखून ठेवण्याचा हक्क त्यात बँकर आणि उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी (एक प्रकारचे वकील) अशा काहींना दिलेला आहे. सक्सेना खटल्यात 22 ऑगस्ट 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद निकालात काढला. भोपाळच्या एका सहकारी बँकेने आपले कायदा सल्लागार वकील सक्सेना यांना दूर केले होते आणि फीचे 97,100 रुपये मिळेपर्यंत फायली देणार नाही, असे सक्सेनांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की खटल्याचे कागद हा विकता येण्याजोगा माल नव्हे, म्हणून ते कलम त्यांना लागत नाही. फी थकली असेल तर तिच्या वसुलीचे कायदेशीर मार्ग वकिलाला मोकळे आहेत, मात्र मागूनही फाइल न देणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. वकिलांची शिस्त पाहणाऱ्या भारतीय बार कौन्सिलने दिलेली 18 महिन्यांची व्यवसायबंदी आणि 1,000 रुपयांचा दंड न्यायालयाने केवळ समज देण्यापर्यंत खाली आणला, कारण प्रश्न तोवर नीट सुटलेला नव्हता. आज तशी सबब कोणी सांगू नये, असे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही म्हणेन.

तेव्हा मागणी लेखी करावी, कागदांची यादी जोडावी आणि पोच घ्यावी. नकार आला तर अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. नव्या वकीलपत्रासाठी जुन्या वकिलाची संमती घेण्याचा शिष्टाचार आहे, तो पाळावा; संमती मिळत नसेल तर कारणे मांडून न्यायालयाची परवानगी मागता येते, त्यामुळे तेवढ्यावरून दावा अडत नाही.

एक खबरदारी मात्र आधी घ्या. पुराव्यात दाखल झालेले अस्सल दस्त वकिलाकडे नसतात, ते न्यायालयाच्या दप्तरात असतात आणि परत हवे असतील तर तिथेच अर्ज करावा लागतो. तक्रार लिहायला बसण्यापूर्वी दप्तर तपासून घ्यावे. आजोबांचे विक्रीखत हरवले म्हणून जुन्या वकिलावर तावातावाने आलेले एक गृहस्थ मला आठवतात, ते खत न्यायालयात निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडून सुखरूप होते.