लायसनवर डाग असताना ट्रकवरची पहिली नोकरी

नमस्कार श्रोतेहो.

कळंबोलीचं स्टील मार्केट घ्या, भिवंडीची गोदामं घ्या, नाहीतर निगडीची ट्रान्सपोर्टनगरी. कुठल्याही ट्रकमालकाजवळ पाच मिनिटं बसलात तर एक तक्रार हमखास कानावर येते : गाडी आहे, भाडं आहे, पण ड्रायव्हर नाही. आणि तिथेच, चहाच्या टपरीवर, हेवीचं नवं लायसन खिशात घेतलेली विशी-पंचविशीतली मुलंही उभी असतात. त्यातल्या काहींना कुणी गाडीवर बसवत नाही, कारण त्यांच्या नावावर जुनं काहीतरी लागलेलं आहे. आज मला या मुलांशी बोलायचं आहे. त्यांच्या घरच्यांनीही ऐकावं आणि मालकांनीही ऐकावं.

हा डाग बहुतेक वेळा ट्रकवर पडलेलाच नसतो, तो पडतो मोटरसायकलवर. आपलं लायसन एकच असतं. त्याच कार्डावर दुचाकी, त्यावरच कार, त्यावरच पुढे ट्रक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात विनाहेल्मेट गाडी चालवण्याला एक हजार रुपये दंड आहे आणि सोबत तीन महिन्यांची अपात्रताही आहे, म्हणजे तेवढे दिवस गाडी चालवायला बंदी. ट्रिपल सीटलाही तेच. दंड सगळ्यांना माहीत असतो, अपात्रतेचा विचार कुणी करत नाही. अठराव्या वर्षी गावच्या जत्रेला तिघं एका गाडीवर गेले, ते प्रकरण बाविसाव्या वर्षी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात समोर येऊ शकतं.

म्हणून पहिलं काम, आपल्या नावावर नेमकं काय आहे ते बघून घ्या. "माझं रेकॉर्ड खराब आहे" असं मुलं सरसकट बोलून जातात. विचारलं तर कळतं की वडिलांच्या गाडीची चार चलनं थकली आहेत. अहो, ई-चलन बहुतेक वेळा गाडीच्या नंबरावर निघतं. ते भरायचं, रक्कम पटत नसेल तर तक्रार करायची किंवा लोक अदालतीत मिटवायचं, आणि पावती जपून ठेवायची. तेवढ्यावरून कुणी तुम्हाला वाईट ड्रायव्हर ठरवू नये. परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन चालू आहे की निलंबित, ते दिसतं. मालकही हेच बघतो. तुम्ही त्याच्याआधी बघा.

लायसन निलंबित झालं असेल तर गोष्ट वेगळी. वेग, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाईल, मालवाहू गाडीत माणसं भरणं, जादा माल, दारू, या कारणांसाठी आरटीओ लायसन निलंबित करू शकतं. पण आदेश काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नोटीस येते, तारीख मिळते. मुलं घाबरून जातच नाहीत आणि आदेश एकतर्फी निघतो. तारखेला जा, खरं असेल ते सांगा. आदेश चुकीचा वाटला तर तीस दिवसांत अपील करता येतं. पोलिसांनी लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवलं असेल, तर अपात्रतेची मुदत संपल्यावर ते परत मिळण्यासाठी रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं, प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट कायद्यातच आहे. हे प्रशिक्षण मन लावून करा. त्याचं प्रमाणपत्र हा तुमच्या बाजूने बोलणारा सगळ्यात चांगला कागद आहे.

मुदत चालू असताना मात्र स्टीअरिंगला हात लावायचा नाही. "रात्रीची एकच खेप मार, कोण बघतंय" असं सांगणारे भेटतील. अपात्र असताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन पैशांच्या नडीपायी पुढची दहा वर्षं घालवू नका.

आता मालक का घाबरतो, तेही समजून घ्या. गाडीवर बँकेचा हप्ता चालू असतो, आत दुसऱ्याचा माल असतो. अपघात झाला आणि त्या दिवशी ड्रायव्हरचं लायसन वैध नव्हतं असं निघालं, तर विमा कंपनी जखमींना भरपाई देऊन ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करू शकते. एका अपघातात छोटा मालक कायमचा बसतो. त्याची भीती खरी आहे. ती कागदांनीच कमी होते, "शेठ, विश्वास ठेवा" म्हणून होत नाही.

तेव्हा कामाला जाताना एक फाईल करा. लायसन, निलंबनाचा आदेश, मुदत संपल्यानंतरची सारथीवरची स्थिती, रिफ्रेशरचं प्रमाणपत्र, चलन भरल्याच्या पावत्या. कोर्टात केस झाली असेल तर निकालाची प्रमाणित प्रत. केस अजून चालू असेल तर तसं सांगा आणि पुढची तारीख कधी आहे तेही सांगा, कारण त्या दिवशी तुम्हाला सुट्टी लागणार आहे. मोठ्या कंपन्या पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात, तिथे लपवलेलं उघडं पडतंच. सांगायचं ते पहिल्याच भेटीत, पगाराचं आणि भत्त्याचं बोलणं सुरू होण्याआधी. "काका, दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर बोलताना सापडलो, तीन महिने लायसन बंद होतं, हे कागद." एवढंच. पोलिसांना, मित्रांना, नशिबाला दोष देत बसू नका. माल पोहोचवणाऱ्या माणसाने सरळ उत्तर दिलेलं मालकाला आवडतं.

आणि थेट बारा चाकीचा हट्ट धरू नका. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, लहान टेम्पो. आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. गॅस, रसायनं असा धोकादायक माल यात येत नाही, त्याला वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी नोंद लागते. वाशीच्या बाजारातून भाजी उचलणारा पिकअप, चाकणच्या कारखान्यांत सुटे भाग पोहोचवणारा टेम्पो, दुधाची गाडी, इथे माणसं सतत लागतात आणि मालक रोज समोर असतो. त्याला तुमचा हात दिसतो. वर्षभर एकही चलन न लावता गाडी चालवली की हाच मालक तुमच्यासाठी दुसऱ्याला फोन करतो. माझ्या मते आपल्याकडे कुठल्याही दाखल्यापेक्षा या फोनला वजन जास्त आहे.

ज्यांना मोठ्याच गाडीवर जायचं आहे त्यांनी जुन्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून काही महिने काढावेत. यात कमीपणा मुळीच नाही. ताडपत्री कशी ओढायची, रिव्हर्सला मागून बाजू कशी द्यायची, टायरची हवा कानाने कशी ओळखायची, बोरघाटात आणि कसाऱ्याला गाडी गिअरमध्ये ठेवून कशी उतरवायची, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत.

दारूबद्दल मी वेगळं बोलणार आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. हा डाग असलेल्या मुलाला मालक नाही म्हणाला, तर मी मालकाच्या बाजूने आहे, जोवर तो मुलगा खरंच थांबलेला नाही तोवर. सवय असेल तर आधी व्यसनमुक्तीचा उपचार, मग नोकरी. भरलेला ट्रक पिऊन चालवणारा समोरून एसटी घेऊन येणाऱ्या चाळीस जणांचा जीव पणाला लावतो.

आणखी एक सापळा आहे. "दुसऱ्या राज्यातून कोरं लायसन काढून देतो" म्हणणारे एजंट. कायद्याने एका माणसाला एकच लायसन ठेवता येतं. देशभरातल्या नोंदी आता संगणकावर जोडलेल्या आहेत. पैसे जातील आणि साध्या निलंबनाच्या जागी फसवणुकीचा गुन्हा लागेल.

मालकांनो, तुम्हालाही विनंती आहे. डाग कसला आहे आणि किती जुना आहे, हे विचारल्याशिवाय मुलाला गेटवरून परत पाठवू नका. जवळच्या फेऱ्यांवर, दिवसाच्या गाडीवर महिनाभर घेऊन बघा. आणि जादा माल भरून त्याला रस्त्यावर काढू नका. ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, पण निलंबित होतं ते त्या पोराचं लायसन.

दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर भागात ऊस वाहतुकीला तेव्हा ड्रायव्हर शोधत फिरावं लागतं. रिफ्रेशर राहिला असेल, व्यावसायिक लायसनसाठी लागणारी डॉक्टरी तपासणी राहिली असेल, कोर्टाच्या निकालाची प्रत काढायची असेल, तर दसऱ्याच्या आत उरकून घ्या. कारखान्याच्या वाहतूक विभागाचे आणि कंत्राटदारांचे करार त्याच्या आधीच सुरू झालेले असतात.

नमस्कार.